अकरा महिन्यांचे घर आणि जन्मभराचे कपाट

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा, हे वाक्य आपण शाळेत असल्यापासून घोकत आलो आहोत. परंतु निवारा मिळाल्यावर त्यात अन्नाचे डबे आणि वस्त्रांच्या घड्या ठेवायच्या कुठे, हा प्रश्न कोणत्याही धड्याच्या शेवटी विचारलेला मला आढळला नाही. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला मात्र तो रोज सकाळी अंथरुणे उचलताना पडतो. आईला पडतो, बहिणीला पडतो आणि महाविद्यालयात जाऊ लागल्यापासून मलाही पडतो. कारण पदवीच्या शिक्षणाबरोबर घरात पुस्तके येतात, आणि पुस्तके काही गोधडीसारखी घडी करून उशाला घेता येत नाहीत.

घरातील सामान ठेवण्यासाठी एकाच मापाच्या, सुट्या आणि हव्या तशा रचता येणाऱ्या पेट्या कशा आखाव्यात, हे मी या लेखात सांगणार आहे. मी सुतार नाही. इतिहास विषय घेऊन बी. ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकणारा एक विद्यार्थी आहे. मग हा अधिकार मला कोणी दिला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की माझे वडील नाशिकमध्ये टेंपो चालवतात. लोकांचे संसार एका भाड्याच्या घरातून दुसऱ्या भाड्याच्या घरात नेऊन पोहोचवणे हा त्यांचा मुख्य धंदा. सुटीच्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर हमालीला जातो. कपाट दुकानात पाहणाऱ्याला त्याची पुढची बाजू दिसते. जिन्यातून खांद्यावर नेणाऱ्याला त्याच्या साऱ्या बाजू कळतात!

सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत काम करणारी कितीतरी माणसे सिडकोत आणि आसपासच्या वस्त्यांत भाड्याने राहतात. भाड्याचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. तो संपला, की भाडे वाढते किंवा घर बदलते. आमच्याच कुटुंबाने माझ्या एकोणीस वर्षांच्या आयुष्यात पाच घरे बदलली. अशा घरांसाठी फर्निचर मात्र असे बनवले जाते, की जणू माणूस त्या भिंतीपाशी सात जन्म राहणार आहे. घर अकरा महिन्यांचे आणि कपाट जन्मभराचे, ही जी विसंगती आहे, तीच या लेखाचा विषय आहे.

उतरंडीचा धडा

आमचे मूळ गाव धुळे जिल्ह्यात. तेथील आमचे जुने घर धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे आहे. त्याच्या भिंती हातभराहून अधिक जाड. भिंत जाड असली, की तिच्या पोटात कोनाडा काढता येतो, दिवळी ठेवता येते, दोन दारे लावून फडताळ करता येते. खुंटीवर कपडे, शिंक्यात दूधदुभते, वळणीवर गोधड्या. सामान ठेवण्याची निम्मी सोय घर बांधतानाच होऊन जात असे, त्यासाठी निराळे पैसे पडत नसत.

उरलेली निम्मी सोय उतरंडीची. मातीची मडकी एकावर एक रचून ठेवायची, खाली सर्वांत मोठे आणि वर सर्वांत लहान. वरच्या मडक्याचे बूड खालच्या मडक्याच्या तोंडावर नेमके बसते, म्हणजे ठेवणही झाली आणि झाकणही झाले. एका मडक्यात डाळ, एकात मीठ, एकात बियाणे. घरात माणसे वाढली, की आणखी एक उतरंड उभी राहते. एक मडके फुटले, तर तेवढेच बदलायचे. सारी उतरंड टाकून द्यावी लागत नाही. आज ज्याला आपण मोठ्या रुबाबात ‘मॉड्यूलर’ म्हणतो, त्याचे सर्व गुण या उतरंडीत आहेत. सुटे घटक, ठरलेले माप, एकमेकांत बसणे, हळूहळू वाढणे आणि तेवढाच भाग बदलता येणे. कुंभाराने ही विद्या कोणत्या पदवीशिवाय आपल्याला दिली!

पुढे सिमेंट आले. घराचा भार खांबांनी आणि तुळयांनी पेलला, तेव्हा मधल्या भिंती जाड ठेवण्याचे कारण उरले नाही. त्या चार-सहा इंचांच्या झाल्या आणि कोनाडा गेला. भिंतीच्या पोटात असलेले सामान खोलीत आले, आणि खोली तर आधीच लहान होती. या अडचणीतून लोखंडी कपाट आपल्या घरात शिरले. साधारण साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फुटाहून थोडे अधिक खोल असे हे कपाट अनेक घरांत लग्नातच येते. त्याला मी नावे ठेवणार नाही. त्याला कुलूप आहे, उंदीर त्याला कुरतडत नाही, वाळवी त्याला खात नाही. दागिने, रेशनकार्ड आणि गुणपत्रिका यांना त्याच्याइतका विश्वासू राखणदार नाही. पण डबे, भांडी, वह्या, चपला, शिलाईचे सामान या साऱ्या संसाराचा भार त्याला पेलत नाही. आणि जिन्याच्या वळणावर ते जेव्हा अडते, तेव्हा दोन माणसे वरून आणि दोन खालून नुसती एकमेकांकडे पाहत राहतात.

त्याहून वाईट अवस्था खोलीतच बनवलेल्या लाकडी कपाटाची. सुतार प्लायवूड घेऊन वर येतो, भिंत मोजतो आणि छतापर्यंत आठ फुटांचे, दोन फूट खोल असे कपाट तेथेच ठोकून देतो. दिसायला ते सुरेख असते. परंतु दार अडीच फुटांचे, जिना तीन फुटांचा आणि त्याला वळण. ते कपाट अखंड बाहेर काढायचे, तर घरच मोडावे लागेल. मग घरमालक म्हणतो, “राहू द्या, मी हजार-दोन हजार देतो.” कर्ज काढून केलेली वस्तू अशी भिंतीला दान करून माणसे टेंपोत बसताना मी पाहिली आहेत. त्या वेळी बाई वळून वळून त्या कपाटाकडे पाहतात, आणि माझे वडील उगीचच दोर पुन्हा आवळत राहतात.

‘मॉड्यूलर’ म्हणजे काय?

हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थ ‘छोटे माप’ असा आहे. म्हणजे आधी एक लहान माप ठरवायचे आणि मोठी वस्तू त्याच मापाच्या पटीत घडवायची. वीट हे त्याचे सर्वांत सोपे उदाहरण. सिंधू संस्कृतीच्या नगरांतील भाजलेल्या विटांची लांबी, रुंदी आणि जाडी ४:२:१ या प्रमाणात असे, हे आम्ही इतिहासात शिकतो. लांबी रुंदीच्या दुप्पट असली, की आडव्या विटेवर दोन उभ्या विटा बरोबर बसतात आणि सांधा चुकवून भिंत बांधता येते. हे प्रमाण लक्षात ठेवावे. पुढे ते आपल्या कामी येणार आहे.

आपल्या बाजारात मात्र या शब्दाचा अर्थ उलटा झाला आहे. ‘मॉड्यूलर किचन’ म्हणून जे बसवून मिळते, ते बहुधा त्याच ओट्याच्या मापाने कापलेले आणि त्याच भिंतीला खिळलेले असते. घर बदलले, की ते दुसऱ्या ओट्याखाली बसत नाही. नुसत्या सरकत्या जाळ्या लावल्या म्हणजे वस्तू मॉड्यूलर होत नाही. जी मोडून पुन्हा निराळ्या जागी, निराळ्या रीतीने उभी राहते, तीच खरी मॉड्यूलर.

जगात या विषयावर थोरामोठ्यांनी डोके चालवले आहे. अमेरिकेतील चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याने १९५० साली लोखंडी अँगल आणि प्लायवूडचे तुकडे जोडून वाढवता येणारी कपाटे बाजारात आणली. हेच दांपत्य पुढे भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे आले. १९५८ साली त्यांनी सरकारला जो अहवाल सादर केला, त्यात त्यांनी सर्वांत सुंदर वस्तू म्हणून गौरव केला तो आपल्या साध्या लोट्याचा. लोट्यात पाणी किती मावावे, तो कमरेवर कसा बसावा, डोक्यावर कसा तोलला जावा, ओतताना पाणी कसे पडावे, रिकामा कसा ठेवावा, अशा प्रश्नांची मालिकाच त्यांनी मांडली. त्या अहवालातून प्रेरणा घेऊन १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. वस्तू घडवण्याआधी ती कोण वापरणार, कशी उचलणार आणि कुठे ठेवणार हे विचारावे, हा त्या लोट्याचा धडा आहे.

दुकानांत आणि गोदामांत आपण भोकाभोकांच्या लोखंडी अँगलची मांडणी पाहतो. तो अँगल लंडनमधील डेमेट्रियस कोमिनो या अभियंत्याने १९४७ साली बाजारात आणला. वेल्डिंग नाही, सुतार नाही. नट-बोल्ट आणि पाना पुरे. जर्मनीच्या डीटर राम्स यांनी १९६० साली आखलेली भिंतीवरची मांडणी आजही बनते, आणि घर बदलताना माणसे ती बरोबर नेतात.

परंतु सामान हलवण्याच्या दृष्टीने मला सर्वांत बोलकी वाटली ती जपानमधील हकिकत. तेथे पूर्वी मोठ्या पेटाऱ्यांना चाके लावत, आग लागली की घरातून ओढत नेता यावेत म्हणून. १६५७ साली एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, प्रचंड आग लागली. तेव्हा सर्वांनीच पेटारे रस्त्यावर आणले, अरुंद गल्ल्या तुंबल्या आणि पळणाऱ्यांची वाट बंद झाली. पुढे मोठ्या शहरांत अशा चाकांच्या पेटाऱ्यांवर बंदी आली. जपानी घरांत एकावर एक रचायची, दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या असलेली सुटी कपाटेही होती. एकेक मजला उचलायचा आणि चालू लागायचे. मोठी वस्तू ओढता येईल अशी करण्यापेक्षा ती लहान तुकड्यांत उचलता येईल अशी करावी, हे तात्पर्य यातून निघते.

आधी सामान मोजावे, मग भिंत

आता प्रत्यक्ष आखणीकडे वळू. आपल्याकडे रीत अशी, की आधी भिंत मोजायची आणि ती भरून टाकायची. पण भिंत मालकाची असते. आपले असते ते सामान. म्हणून एक कोरा कागद घ्यावा आणि त्यावर तीन रकाने पाडावेत. वस्तू कोणती, तिचे माप काय आणि ती किती वेळा लागते. मी आणि माझ्या बहिणीने दिवाळीच्या सुटीत हा उद्योग केला. तेव्हा असे दिसले, की आमच्या घरातील बहुतेक वस्तू बारा इंच खोलीत मावतात. फुलस्केप फाईल चौदा इंच लांब आणि दहा इंच रुंद. पुस्तके त्याहून लहान. तेलाचा पंधरा किलोचा चौकोनी डबा, ज्यात आई गहू आणि बाजरी भरते, तो सुमारे साडेनऊ इंच चौरस आणि चौदा इंच उंच. सदऱ्याची आणि साडीची घडी बारा इंचांत बसते. थोडी मोठी झाली, तर घडीला वळण लावता येते. बारा इंचांत न मावणाऱ्या वस्तू दोनच निघाल्या, गोधड्या आणि मोठी बॅग. दोन वस्तूंसाठी सगळे फर्निचर दोन फूट खोल करणे म्हणजे एका पाहुण्यासाठी रोज पंगतीचा स्वयंपाक करण्यासारखे आहे. गोधड्यांना ट्रंक बरी.

तिसरा रकानाही महत्त्वाचा आहे. रोज लागणारी वस्तू गुडघा आणि खांदा यांच्या मधल्या उंचीवर हवी, आठवड्याने लागणारी त्याखाली आणि वर्षाने लागणारी सर्वांत वर. ही उंची घरातील पुरुषाची न घेता जिचा हात सर्वांत जास्त वेळा तेथे जातो तिची घ्यावी. आमच्या घरी ती आईची घेतली.

एका शीटच्या चार पेट्या

दुसरे माप बाजाराचे. प्लायवूडची शीट आठ फूट लांब आणि चार फूट रुंद, म्हणजे ९६ इंच बाय ४८ इंच असते. या शीटमधून काहीही वाया न जाता पेटी निघाली पाहिजे. वह्यांची पाने फाडून, ती कापून आणि चिकटवून आम्ही पुष्कळ मापे पडताळली. शेवटी जे माप जमले ते असे. पेटी बाहेरून ३२ इंच लांब, १६ इंच उंच आणि १२ इंच खोल.

त्याचा हिशेब पाहा. शीटच्या रुंदीत १२ इंचांच्या चार पट्ट्या बसतात. करवतीचे पाते थोडे लाकूड खाते, म्हणून प्रत्यक्षात पट्टी पावणेबारा ते बारा इंचांच्या दरम्यान भरते. प्रत्येक पट्टी ९६ इंच लांब. तिच्यातून ३२ इंचांच्या दोन फळ्या, वरची आणि खालची, निघतात. त्यांना ६४ इंच लागले. प्लायची जाडी १८ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाच्या जवळपास घेतली, तर दोन बाजूंच्या फळ्या प्रत्येकी साडेचौदा इंचांच्या हव्यात. त्यांचे झाले २९. एकूण ९३. करवतीचा भुसा धरूनही पट्टी पुरते आणि शेवटी दोन-अडीच इंचांचा तुकडा उरतो. म्हणजे एका पट्टीची एक पेटी आणि एका शीटच्या चार पेट्या.

पाठीसाठी सहा मिलिमीटरची पातळ शीट घ्यावी. ९६ मध्ये ३२ तीनदा आणि ४८ मध्ये १६ तीनदा बसतात, म्हणून तिच्यातून नऊ पाठी निघतात. तेव्हा दोन जाड शीट आणि एक पातळ शीट यांतून आठ पेट्या तयार होतात आणि एक पाठ शिल्लक राहते. मी हिशेब रुपयांत न मांडता शीटमध्ये मांडला आहे, कारण भाव बदलतात, शीट बदलत नाही. शिवाय आठही पेट्या एकदम करण्याची सक्ती नाही. ज्यांच्या घरी पगार महिन्याला येतो आणि महिन्यालाच संपतो, त्यांनी या दिवाळीला चार आणि पुढच्या दिवाळीला चार कराव्यात. उतरंडही अशीच वाढते.

३२ आणि १६ या मापांतील खुबी आता वाचकांच्या ध्यानात आली असेल. लांबी उंचीच्या दुप्पट आहे, विटेप्रमाणेच. दोन पेट्या आडव्या एकमेकींवर ठेवल्या, तर ३२ इंचांचा चौरस होतो. दोन उभ्या शेजारीशेजारी ठेवल्या, तरी तेवढाच चौरस होतो. त्यामुळे त्या कशाही फिरवून रचल्या तरी कडा जुळतात. आठ पेट्यांचा ६४ इंच रुंद आणि ६४ इंच उंच असा चौरस उभा राहतो. खोलीत खिडकी मध्ये आली, तर दोन बाजूंना दोन थर करावेत. भिंत लांब असेल, तर एकच लांब ओळ करून वर बसावे, कारण १६ इंच ही बसायलाही चांगली उंची आहे.

मजबुतीच्या चार गोष्टी

पहिली गोष्ट पाठीची. नुसती चार फळ्यांची चौकट रिकाम्या काडेपेटीच्या वेष्टनासारखी असते. बोटाने ढकलली की तिरकी होते. पाठ चारही कडांना चिकटवून स्क्रूने बसवली, की ती तिरकी होऊ शकत नाही. म्हणून पाठीत काटकसर करू नये.

दुसरी गोष्ट फळीच्या बाकाची. फळीवर सर्वत्र सारखा भार असेल, तर तिची लांबी दुप्पट केल्यावर बाक दुप्पट होत नाही, सोळा पट होतो. लांबलचक फळीवर पुस्तके लावलेल्या घरांत ती मधोमध हसताना दिसते, त्याचे कारण हेच. म्हणून पुस्तके आणि धान्याचे डबे सर्वांत खालच्या ओळीत ठेवावेत. तेथे फळीला खालून आधार देता येतो आणि सगळी रचनाही बुडाशी जड राहते.

तिसरी गोष्ट ओलाव्याची. आपल्याकडे फरशी रोज पुसतात आणि पावसाळ्यात भिंती पाझरतात. म्हणून खालच्या ओळीखाली तीन-चार इंच उंचीच्या लाकडी पट्ट्यांचा पाट द्यावा. तो फळीला आधारही देतो. बाहेरच्या भिंतीपासून दोन बोटे अंतर ठेवावे. प्लाय घेताना त्यावरील खूण वाचावी. ‘एम. आर.’ म्हणजे दमट हवेपुरता टिकणारा आणि ‘बी. डब्ल्यू. आर.’ म्हणजे उकळत्या पाण्यालाही पुरेसा तोंड देणारा. स्वयंपाकघरासाठी दुसराच घ्यावा.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांध्यांची. प्लायच्या कडेत बसवलेला स्क्रू एकदा काढून पुन्हा लावला, की त्याची पकड सैल होते. भुसा दाबून केलेल्या फळीत तर लवकरच होते. म्हणून नियम असा, की पेटी मोडायची नाही, रचना मोडायची. पेटीचे सांधे गोंद आणि स्क्रू लावून कायमचे करावेत. एक पेटी दुसरीला जोडण्यासाठी मात्र आरपार भोके पाडून बोल्ट घालावेत आणि हाताने पिळता येतील असे नट लावावेत. ही भोके सर्व पेट्यांत एकाच ठिकाणी हवीत, त्यासाठी पुठ्ठ्याचा एक नमुना कापून ठेवावा आणि त्यावरूनच प्रत्येक पेटीला खुणा कराव्यात. या पुठ्ठ्याला आमच्या शेजारच्या सुतारमिस्त्रींनी हसून “कुंडली” असे नाव दिले. कुंडली जुळली, की पेट्यांचे लग्न लागलेच म्हणून समजा!

बाजूच्या फळ्यांना हात घालण्यापुरती खाच पाडली, की रिकामी पेटी एकट्या माणसाला उचलता येते. तिचे वजन नऊ-दहा किलोच्या आसपास भरते. आणि घर बदलण्याच्या दिवशी तिचा खरा गुण दिसतो. बोल्ट काढायचे, पेटी पाठीवर निजवायची, की तिचे तोंड वर येते आणि कपाटाचे खोके होते. हलके सामान आतल्या आतच राहते, वर चादर बांधली की झाले. पुठ्ठ्याची खोकी मागत किराणा दुकाने फिरायला नकोत आणि जिन्याच्या वळणाची भीती नको. टेंपोत त्या विटांसारख्या रचल्या जातात, मध्ये पोकळी राहत नाही. वडिलांनी आमची पहिली पेटी पाहिली तेव्हा त्यांनी ती उघडून पाहिली नाही; त्यांनी ती प्रथम खांद्यावर घेतली. मग म्हणाले, “ही जाईल कुठेही.”

एका खोलीच्या दोन खोल्या

पेट्यांचा आणखी एक उपयोग आहे, आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत मोठा. एका खोलीत स्वयंपाक, जेवण, झोप, पाहुणे आणि अभ्यास हे सारे चालते. दिवा मालवला, की अभ्यास संपतो. दिवा ठेवला, तर पहाटे कामाला जाणाऱ्यांची झोप मोडते. या भांडणात बहुधा अभ्यास हरतो. मुलीचा असेल, तर लवकर हरतो.

पेट्या भिंतीला न टेकवता खोलीत आडव्या उभ्या केल्या, तर त्यांचीच भिंत होते. सहा पेट्यांचे तीन थर करावेत, म्हणजे पाट सोडून ६४ इंच रुंद आणि ४८ इंच उंच अशी आडभिंत मिळते. उरलेल्या दोन पेट्या तिच्या एका टोकाला काटकोनात जोडाव्यात. काही पेट्यांची तोंडे स्वयंपाकाकडे आणि काहींची अभ्यासाकडे करावीत. जमिनीवर बसलेल्या माणसाचे डोके ४८ इंचांच्या खाली राहते, त्यामुळे आडोसा पुरेसा होतो. लहान दिवा पेटीच्या आत ठेवला, तर उजेड वहीवर पडतो, झोपलेल्याच्या डोळ्यांवर पडत नाही. वरून वारा खेळता राहतो.

येथे एक इशारा देतो. बारा इंच खोलीची रचना फार उंच केली, तर ती कलंडू शकते, आणि लहान मुलांना पेट्या म्हणजे शिडीच वाटते. खोलीच्या मध्ये तीन थरांवर जाऊ नये आणि काटकोनाची जोड काढू नये. भिंतीलगत चार थर करायचे, तर वरच्या पेटीला भिंतीशी एक पट्टी मारावी. घरमालकाला आधी विचारावे. जाताना एवढे भोक पांढऱ्या सिमेंटने बुजवून देता येते.

या पेट्यांत उणिवाही आहेत. त्या उघड्या असल्याने धूळ बसते, त्यासाठी दोरीवर जुन्या साडीचा पडदा लावावा लागतो. त्यांना कुलूप नाही, म्हणून लोखंडी कपाटाची नोकरी चालूच राहणार. हँगरवर टांगायचे कपडे त्यांत मावत नाहीत. आणि कापणी मापात झाली नाही, तर सगळी जुळणी बिघडते. म्हणून जेथे मोठ्या यंत्रावर प्लाय कापून मिळते, तेथूनच पट्ट्या काढून आणाव्यात आणि मग मिस्त्रींच्या हाती द्याव्यात.

आमच्या घरी आतापर्यंत चार पेट्या झाल्या आहेत. एकीत धान्य, एकीत भांडी, एकीत कपडे आणि चौथी माझ्या व बहिणीच्या पुस्तकांची. ती यंदा बारावीला आहे. आणखी चार पेट्यांसाठी शीट आणायची आहे, आणि तिच्या परीक्षेआधी ती आडभिंत उभी राहावी, असा आमचा बेत आहे.

मित्रहो, स्वतःचे घर ही मोठी गोष्ट आहे; ती ज्याची त्याला केव्हा मिळेल, हे सांगणे कठीण. पण घर स्वतःचे होईपर्यंत नीटनेटके राहण्याचे, पुस्तकाला हक्काची जागा देण्याचे आणि घरातल्या मुलीला अभ्यासाचा कोपरा देण्याचे काम थांबवण्याचे काही कारण नाही. भिंत दुसऱ्याची असली, तरी तिच्यापुढे काय उभे करावे आणि ते पुन्हा कसे उचलून न्यावे, हे आपल्या हाती आहे. त्यासाठी फार मोठी विद्या लागत नाही. एक फूटपट्टी, एक कोरा कागद आणि सामान मोजण्यासाठी एक सुटीची दुपार पुरे.